पाळीच्या पानावर दोन्ही बाजू

जेवण झालं की मी लॅपटॉप उघडून बसतो. ऑफिसचं काम असेल, असं नाहूरच्या आमच्या घरात सगळे धरून चालत. खरं तर इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात, जिथे कोणीही लिहू शकतं, मी मासिक पाळीचं पान सांभाळत होतो.

सांभाळायचं म्हणजे उपसायचं. एक जण लिहून जायचा, या दिवसांत बाईच्या अंगातून उष्ण लहरी निघतात. पुरावा म्हणून कुठल्याशा काढ्याची जाहिरात. दुसरा चिडून ‘रूढी’ हा भागच उडवायचा नि तिथे ‘मूर्खपणा’ लिहायचा. मी दोघांचंही काढायचो. प्रथा आहे तर नोंदवायची. मग पाठ्यपुस्तकाचा आधार देऊन काय होतं, काय होत नाही ते. विशेषणं नकोत. चर्चेत एकाने विचारलं, ‘तू बाई आहेस का रे?’ मी पुढची दुरुस्ती तपासायला घेतली. गप्प बसायची सवय जुनीच.

यंदा कैरीचं लोणचं घालताना आईने माझ्या मुलीला बरणीपासून लांब बसवलं. मुलीने मोबाईल पुढे केला.

‘आजी, हे बघ ना. लोणचं नासतं याला आधार नाही. खाली पुस्तकाचं नावपण दिलंय.’

‘कोणी लिवलाहा ह्या?’

‘तिथे नाव नसतं गं.’

‘नाव सांगूची लाज, नि माका शिकवतंत!’

मुलगी माझ्याकडे वळली. ‘बाबा, तू सांग ना.’

तिचंही बरोबर, हिचंही बरोबर, हे वाक्य जिभेवर तयार होतं. लग्न झाल्यापासून बायकोला तेच ऐकवलं, आणि दर महिन्याला ती खिडकीखाली वेगळ्या चटईवर बसत आली.

‘मी लिहिलंय,’ मी म्हणालो.

आईने बायकोकडे बोट दाखवलं. ‘तू? मगे हिच्या वेळाक खंय होतस?’

बायको कैऱ्या पुसत होती. हात थांबले नाहीत.

पानावर मी कोणाची बाजू घ्यायची नसते. घरात घ्यायची असते, हे मला बायकोच्या वेळीही कळत होतं. आईला वाईट वाटेल, एवढंच न बोलण्याचं कारण. बाकी काही नाही.

‘बरणी दे पोरीकडे,’ बायको म्हणाली. मला, आईला नाही.

मी उठून दिली. आई आत निघून गेली. बायको त्यावर माझ्याशी अजून बोललेली नाही.

पानावर उष्ण लहरी परत आल्यात. काढायला हव्यात.