परदेशी बोलणी

सायकलच्या कॅरिअरला माझा बुरशीवरचा प्रबंध सुतळीने आवळला आणि शिवाजीनगरहून मुंबई रस्त्याला लागलो. निघालो होतो पिंपरीला, सदू लेल्याकडे. भर उन्हात एवढं पायडल मारायची मला हौस नाही. पण विद्यापीठाने प्रबंध 'समाधानकारक नाही' एवढ्या एका ओळीनिशी परत धाडला होता. दिवाळीनंतर पुन्हा एकदाच द्यायची मुभा; तेव्हाही परत आला की एम.एस्सी.चं नाव सोडायचं. कमी काय पडलं, ते कोणी सांगेल तर शपथ! आमच्या सरांनी प्रत्येक प्रकरणाखाली झोकदार सही ठोकून 'पाहिले' असं लिहिलं होतं. पाहिले म्हणजे पसंत, असं मी धरून चाललो. अहो, मुलगी पाहून आलेले लोकसुद्धा याहून जास्त बोलतात!

पूल ओलांडून दापोडीत शिरलो आणि मागचं चाक बसलं. रस्त्याकडेला पंक्चर काढणारे एक म्हातारबाबा होते.

"पिंपरीला निगालात व्हय? कंपनीत चिकटायला?" (म्हणजे नोकरीला लागायला.)

"नाही हो. मित्राला भेटायला."

"आमच्या भावकीतलं एक पोरगं चिकटलंय तितं. आता बूट घालून फिरतंय. आमच्याकडं वळून बी बगत न्हाई!"

त्यांचा जळफळाट मला चांगलाच ओळखीचा वाटला. सदू तर विलायतेला जाऊन आला होता, आणि आता पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात साहेब होता. कॉलेजात हाच सदू माझ्या जर्नलवरून प्रयोग उतरवून काढायचा.

दापोडी मागे पडली की बाजरीची शेतं, बाभळी आणि उजव्या हाताला दूर दिघीचे डोंगर. मग निर्वासित सिंध्यांच्या बराकी आणि त्यांच्यापुढे ताज्या चुन्याची नवी क्वार्टर्स. त्यातल्या एकात सदू आणि कुलकर्णी नावाचा इंजिनिअर राहत होते. कुलकर्णी जर्मनीत शिकून आलेला. दोघांनी माझ्यासाठी बराकींतून दाल-पकवान (हरभऱ्याची डाळ आणि कडक तळलेली पुरी) मागवलं होतं. खाणं झकास होतं. बोलणं मात्र माझ्या जिवावर उठलं.

"विलायतेत दर आठवड्याला एक निबंध लिहावा लागे. माझ्या पहिल्यावर तिथल्या साहेबानं काय लिहिलं, ठाऊक आहे?" सदू म्हणाला. "पहिली दोन पानं फाडा. तिसऱ्या पानावर तुम्ही विचार करायला लागलात!"

"हे काहीच नाही," कुलकर्णी म्हणाला. "आमचे प्रोफेसर वर्षभर ढुंकून बघत नसत. पण एकदा प्रबंध हातात घेतला की दुपारभर समोर बसवून ओळ न ओळ सोलायचे. मी बाहेर येऊन रडलोय!"

आणि दोघं खदखदून हसले. लग्नातला आहेर मिरवावा तशी ही माणसं खाल्लेली बोलणी मिरवत होती! सदूने ट्रंकेतून ते निबंध काढले. समासात साहेबाचं लिखाण सदूच्या लिखाणाहून जास्त. एवढा मोठा माणूस, सदूसारख्या ठोंब्याच्या वाक्यावाक्याशी भांडला होता. माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि त्यात पकवानाचा काही दोष नव्हता.

मी प्रबंध पुढे केला. सदूने तो मन लावून वाचला, मिटला आणि म्हणाला, "छान आहे रे. मेहनत घेतली आहेस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सद्या, साहेबाची बोलणी दोन वर्षं खाल्लीस आणि मला 'छान'? मी काय जावई आहे तुझा, माझं मन राखायला?"

"खरं सांगितलं तर राग धरशील."

"धरीन. सांग."

त्याने पेन्सिल उचलली. "उसाच्या मळीवर (साखर काढल्यावर उरतो तो काळा पाक) तुझी बुरशी जोमात वाढली. कबूल. पण ती मळीमुळेच वाढली, हे कशावरून? मळी न घालता एकदा तरी वाढवून पाहिलीस?"

"नाही."

"मग यातून काहीच सिद्ध होत नाही, राव."

कुलकर्णी खिडकीबाहेर बघायला लागला. माझे कान तापले. सदू मात्र आता थांबेना. ऊन उतरेपर्यंत माझे समास त्याच्या पेन्सिलीने भरून गेले. सगळे प्रयोग दिवाळीच्या आत पुन्हा करावे लागणार होते. जमतील का, ते त्यालाही सांगता येईना.

परतीच्या वाटेवर पायडल मारताना मी हिशेब केला तो फक्त सदूच्या भाग्याचा. त्याच्या बुटांचा, पगाराचा हेवा मी एखाद वेळेस गिळलाही असता. पण दर आठवड्याला त्याला कोणीतरी 'हे कशावरून?' असं विचारत होतं. मला तो प्रश्न पहिल्यांदा भेटला तो पंचविशी उलटल्यावर, आणि तोही माझ्या जर्नलवरून उतरवणाऱ्याच्या तोंडून. आमच्या सरांना हे दिसलं नसेल? का दिसलं, आणि सांगायचं जिवावर आलं? अजूनही तो विचार आला की चडफडतो.

आई दारातच उभी होती. "काय म्हणाला रे सदू?"

"सगळं चुकलंय म्हणाला."

तिचा चेहरा पडला. मग माझ्याकडे निरखून बघत ती म्हणाली, "आणि मग हसतोस काय, मेल्या?"

मी हसतोय, हे तिनं सांगेपर्यंत मला कळलंच नव्हतं.