न पडलेली कमान

पोरं बाईंना पाठीमागे ओळंबाबाई म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. भिंत तिरपी असेल तर तो तोंडावर सांगतो, भिंतीला काय वाटेल याचा विचार करत नाही. बाईंना हे नाव माहीत होतं. "नाव ठेवायला तरी ओळंबा म्हणजे काय ते शोधावं लागलं पोरांना," त्या म्हणत. "तेवढाच अभ्यास झाला."

कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना इमारत उभी कशी राहते ते त्या शिकवत. खांब, तुळई, कमान. भार कुठून येतो आणि कुठल्या वाटेनं जमिनीत जातो. त्याआधी अर्धं आयुष्य त्यांनी बांधकामांवर इंजिनिअर म्हणून काढलं. स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे यावरून एका ठेकेदाराशी त्यांचं वाजलं. ठेकेदाराला घाई होती, बाईंना नव्हती, आणि नोकरी ठेकेदाराच्या हातात होती. म्हणून बाई शिकवायला आल्या.

दरवर्षी नवी पोरं यायची. आकाशाला भोक पाडणाऱ्या इमारती कागदावर काढायला त्यांचे हात शिवशिवत असायचे. बाई पहिल्याच दिवशी त्यांना मागच्या आवारात नेत आणि म्हणत, "एकेक वीट उचला." मग गंमत सुरू व्हायची. कोणी हातमोजे मागायचा. कोणी विचारायचा, हे परीक्षेला आहे का. कोणी मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तशी दोन बोटांनी वीट धरायचा. एकदा एक जण म्हणाला, "मॅडम, विटेचं वजन पुस्तकात दिलंय की."

"पुस्तकातली वीट पायावर पडत नाही," बाई म्हणाल्या. "ही पडते. उचल."

आवार म्हणजे काही राजवाडा नव्हता. वर पत्रा, खाली मुरूम, एका कोपऱ्यात वाळूचा ढीग, दुसऱ्यात विटांची थप्पी, आणि मधे कमानीचा लाकडी साचा. विटा घासून एका बाजूनं निमुळत्या करायच्या आणि साच्यावर दोन्हीकडून रचत न्यायच्या. चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या कोरड्या विटा. कमानीच्या दोन्ही पायांशी वाळूच्या पिशव्या दाबून बसवायच्या. मग साच्याखालच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करून साचा काढून घ्यायचा. कमान उभी राहायची आणि पोरं टाळ्या वाजवायची. बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही. त्यांचा धडा तिथून पुढे सुरू व्हायचा.

"आता पिशव्या काढा," त्या म्हणायच्या.

एकेक पिशवी निघाली की कमानीचे पाय बाहेर सरकायचे, माथ्याखाली फट पडायची आणि सगळा डोलारा वाळूत कोसळायचा. कमान वरचा भार नुसता खाली देत नाही, बाजूलाही ढकलते, हे पोरांना त्या धुळीत कळायचं. उभी कमान बघून कोणी शहाणा होत नाही, असं बाईंचं मत होतं.

ही धूळ विभागप्रमुखांच्या डोळ्यांत खुपायची. बुटाला माती लागेल अशा जागी हा गृहस्थ नोकरीत कधी उभा राहिला नव्हता. हात मळले तर पगार कापतात, अशी त्यांची समजूत असावी. आवाराच्या जागी त्यांना गार हवेची खोली हवी होती. तिथं भिंतभर पडदा असणार आणि बटण दाबलं की पडद्यावर कमान पडणार, पुन्हा दाबलं की उठणार.

"धूळ नाही, आवाज नाही, विटा नाहीत," ते म्हणाले.

"आणि अक्कलही नाही," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. हसण्यात ते तयार होते. "बाहेरून तपासणीला तिघं येताहेत. त्यांना तुमची कमान दाखवा. पटलं तर आवार राहील. नाही पटलं तर पुढच्या सत्रापासून पडदा."

कमान उभारायचं काम पोरांच्या ज्या टोळीकडे आलं तिच्यात बाईंची सख्खी भाची होती. बहिणीनं तिला बाईंच्या घरी ठेवलं होतं, धाकात राहील म्हणून. घरी ती मावशी म्हणे, कॉलेजात मॅडम, आणि दोन्हीकडे कुरकुर सारखीच करी.

"मावशी, अख्ख्या वर्गात मलाच विटा घासायला लावतेस."

"सगळ्यांत हळू तूच घासतेस म्हणून."

"हात बघ माझे."

बाईंनी जेवता जेवता पाहिले. "अजून बघण्यासारखे झाले नाहीत."

त्या दिवशी सराव फसला होता. टोळीतल्या एका शहाण्यानं पाचर सावकाश सैल करायचा कंटाळा केला आणि एकाच दणक्यात ती उडवली. साचा धाडकन खाली आला आणि मागोमाग कमान. बाईंनी पुन्हा रचायला लावली होती.

"उद्या त्यांच्यासमोर अशीच पडली तर?" भाचीनं विचारलं.

"तर पुन्हा रचायची."

"अगं, आवार जाईल."

"जाईल."

"तुला काहीच वाटत नाही?"

बाईंनी आपलं ताट उचललं आणि मोरीवर नेऊन घासायला घेतलं. ते ताट नेहमीपेक्षा जास्त घासलं गेलं. भाची दारात उभी राहून बघत होती.

तपासणीच्या सकाळी बाई बैठकीत अडकल्या. पाहुण्यांच्या मागोमाग त्या आवारात आल्या तेव्हा कमान साच्यावर तयार होती आणि टोळी कधी नव्हे ती रांगेत उभी होती. ही पोरं स्वच्छ हातांनी, न बोलावता, रांगेत? बाईंना ते खटकलं, पण बोलायला वेळ नव्हता.

पाहुण्यांपैकी एक जाडे होते, एक सारखे घड्याळ बघणारे, आणि तिसऱ्या बाई हातातल्या फायलीनं वारा घेत होत्या. पाचरी निघाल्या, साचा सरकला. कमान उभी. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी त्या जणू आपल्यासाठीच वाजल्याप्रमाणे मान लववली.

"आता पिशव्या काढा," बाई म्हणाल्या.

टोळी जागची हलेना. शेवटी भाचीच पुढे झाली. एक पिशवी ओढली, दुसरी ओढली. डावीकडच्या संपल्या, उजवीकडच्या संपल्या. कमान दगडाच्या देवासारखी ढिम्म.

"वा," जाडे पाहुणे म्हणाले. "काय मजबूत काम आहे."

"आमच्या विद्यार्थ्यांचं," साहेब म्हणाले.

"मग असं आवार हवंच की," फायलीवाल्या बाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

बाई कमानीजवळ गेल्या. वाकून त्यांनी थापीच्या मुठीनं एक वीट ठोकली, मग तिच्या शेजारची. कोरड्या विटा सुट्या वाजतात. या सगळ्या मिळून एका आवाजात बोलल्या. सांध्यात बोट फिरवलं तर बोटाला काचेसारखा गुळगुळीत थेंब लागला. फर्निचरवाले वापरतात तो दोन नळ्यांचा गोंद. विटेपेक्षा चिवट.

आवार वाचलं होतं. तोंड मिटून उभं राहिलं की झालं. इतकं सोपं काम बाईंना कोणी कधी दिलं नव्हतं. त्या ताठ झाल्या.

"लिहू नका," त्या म्हणाल्या. "ही कमान नाही. ही चिकटवलेली आहे."

साहेबांनी डोळ्यांनी खुणा केल्या. डोळ्यांनी भागेना म्हणून खोकले.

"पण उभी आहे ना?" जाड्या पाहुण्यांनी विचारलं.

"तीच तर चूक आहे. ती आत्ता पडायला हवी होती."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पडायला हवी होती अशी तक्रार त्यांच्या फायलीत कुठल्या रकान्यात बसत नव्हती.

"कोणाचं काम हे?" बाईंनी टोळीला विचारलं.

"माझं," भाची म्हणाली. "गोंद मी आणला. सकाळी आम्ही सगळ्यांनी लावला."

"का?"

"पडली असती तर आवार गेलं असतं."

"आणि आवार कशासाठी आहे?"

भाचीच्या बाजूचा पोरगा, कालचा पाचर उडवणारा, पुटपुटला, "मॅडम, तुमच्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी करायचं होतं तर विटा नीट घासायच्या होत्या. गोंद लावायला काय मेहनत लागते? नळी दाबता येते त्याला लावता येतो."

घड्याळवाल्या पाहुण्यांनी समजुतीचा सूर लावला. "बरं, मग पडणारी दाखवा."

"दाखवते. रचायला वेळ लागेल. बसा."

"तुम्ही रचा, आम्ही जेवून येतो," ते म्हणाले, आणि साहेब त्यांना लगबगीनं घेऊन गेले. जेवायला निघालेल्या माणसाला वाट दाखवायला साहेब कधी चुकत नसत.

बाईंनी घण मागवला. चिकटलेली कमान फुटली खरी, पण सांध्यात फुटली नाही. विटाच मधून फुटल्या आणि गोंदाचे सांधे तसेच राहिले. इतक्या दिवसांच्या घासलेल्या विटांचा चुरा झाला. भाची तो चुरा पाटीत भरून बाहेर टाकत होती. रडत असावी, पण हात चालू होते, म्हणून बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

थप्पीतल्या नव्या विटा खाली घेतल्या. घासणी सुरू झाली. आज कोणी हातमोजे मागितले नाहीत. एकानं वीट वाकडी घासली तर दुसऱ्यानंच त्याच्या हातातून काढून घेतली. "ही कुणाच्या डोक्यात घालायचीय? परत घास." बाई वाळूच्या पिशवीवर बसून होत्या. बसल्या जागेवरून त्या फक्त "पाया बघ" आणि "घाई नको" एवढंच म्हणत होत्या.

ऊन पत्र्यावरून उतरलं. शेवटची वीट माथ्यात बसली तेव्हा शिपाई आला.

"बाई, पाहुणे गेले."

"कुठं?"

"गाडीत बसून. साहेब म्हणाले, आवाराची किल्ली सत्र संपलं की जमा करा."

टोळीचे हात थांबले. भाचीनं घामेजलेलं तोंड बाहीला पुसलं आणि बाईंकडे पाहिलं. "मावशी," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मी जाऊन सांगते त्यांना. चूक माझी होती."

"सांग. सांगायलाच हवं. पण त्यानं किल्ली परत मिळणार नाही." बाई पिशवीवरून उठल्या. गुडघे धरूनच उठावं लागलं. "आणि मॅडम म्हण. आधी पाचरी. सावकाश."

पाचर उडवणारा पोरगा स्वतः गुडघ्यांवर बसला आणि एकेक पाचर बोटभर बोटभर सोडू लागला. साचा निघाला. कमान किंचित बसली, कुरकुरली, आणि थांबली. टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे वाकून कमानीचे पाय बघत होते.

"पिशव्या."

भाचीनं काढायला घेतल्या. निम्म्या झाल्या तेव्हा तिचा हात थबकला. "मॅडम, हा पाय हलला."

"कुठल्या बाजूला?"

"बाहेर." ती वाकली. "माथ्याखाली फट पडतेय. खालून उघडतेय, वरून मिटलेलीच आहे."

"मग?"

"मग आता ही पिशवी ओढली की जाईल."

"लांब उभी राहून ओढ."

तिनं लांबून ओढली. कमानीचा माथा खाली बसला, दोन्ही कुशी बाहेर फाकल्या आणि सगळं वाळूत आलं. धूळ बसली. शिपाई जायचा विसरून दारातच उभा होता.

"परत रचायची?" पाचरवाल्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस? आपल्या पाठीला विचार."

त्यानं पाठ चोळत विचार केला. तेवढ्यात भाचीनं साचा एका टोकाला धरला होता आणि ती दुसरं टोक धरायला कोणी येतंय का ते बघत उभी होती. शिपायानं येऊन धरलं.

सत्र संपल्यावर आवाराची गार हवेची खोली झाली. पडद्यावरची कमान बटण दाबलं की पडते. साहेब पाहुण्यांना ती स्वतः दाखवतात, कारण तेवढी मेहनत त्यांना झेपते.