थंड गुळाचं गुऱ्हाळ

खून, दरोडे पोतंभर पाहिले आणि बरेचसे विसरलोही. पण इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा धूर अजून माझी पाठ सोडत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शेळगावच्या बाजूला फौजदार होतो. आमची सरकारी जीप अशी, की ती निघाली की बारामतीचे लोक इंदापुरात वणवा लागला म्हणत. एके सकाळी हजेरी चालू असताना एक धनगर तात्या ठाण्यात आले.

"सायेब, त्या नव्या गुऱ्हाळावर गूळ देत न्हाईत."

ठाणे अंमलदारानं पेन खाली ठेवलं. "तात्या, गूळ न दिल्याचं कलम सरकारनं अजून काढलं न्हाय. निघालं की पयली फिर्याद तुमची."

सगळे असे हसलो, की कौलं हलली. तात्या मात्र हसले नाहीत.

"सहा मेंढरं मेली. लेक पयल्या बाळंतपणाला आलीया, आठवा लागलाय. धूर सुटला की पोट धरून बसती. आन् गुऱ्हाळावर गेलेला माणूस गुळाच्या खड्याबिगर माघारी येतो, आसं कुठं झालंय का?"

मी ते बांधावरचं भांडण समजलो. स्टेशन डायरीत 'धुराबाबत तोंडी तक्रार' एवढीच नोंद केली आणि चार दिवसांनी सवडीनं गेलो.

मालक ताटलीत गूळ घेऊन दारातच उभा. "कोण म्हणतं देत न्हाय? खावा, रावसाहेब!" मी पावशेर तरी खाल्ला. धुराला गाडीच्या बॅटरीसारखा उग्र वास होता. "चिपाड वलं हाय," मालक म्हणाला. मी मान डोलावली आणि परत आलो.

आमचे एक हवालदार कोर्टाच्या कामावरून त्याच दिवशी परतले होते. त्यांचे वडील गुळवे, म्हणजे काहिलीत, मोठ्या लोखंडी कढईत, रस आटवून गूळ करणारे कारागीर. माझं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "साहेब, गरम होता का?"

"काय?"

"गूळ."

"दगडासारखा थंड. दाढ हलली माझी."

"मग भट्टी पेटलेली आन् गूळ थंड कसा? चालू गुऱ्हाळावर पाव्हण्याला काहिलीतला ऊन गूळ देत्यात. तुमाला बाजारातला दिला त्यांनी."

माझ्या तोंडाची चव गेली. दोन पंच घेऊन तडक निघालो. मालक गावाला गेलेला, भट्टी विझवलेली. 'गुळव्या' म्हणवणारा कामगार सापडला, त्याला ठाण्यात आणला. हवालदारांनी त्याला चहा पाजला आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "रसात भेंडी कवा घालता, पाव्हणं?"

गुळवे भेंडीचा चिकट रस घालून उसाच्या रसातली मळी काढतात. तो गडी गांगरला. "भेंडी? भेंडी घरी करतो की साहेब. भाजीला."

"संपलं!" हवालदार म्हणाले. "ह्यानं जन्मात गूळ केला न्हाय."

मग तो घडाघडा बोलला. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या पाचटाखाली लपवून यायच्या. त्या फोडून काहिलीत शिसं वितळवायचं. वस्तीजवळ असल्या भट्टीला परवानगी मिळणार नाही, म्हणून गुऱ्हाळाचा बोर्ड. चहाचा कप उचलताना त्याचं मनगट लुळं पडत होतं. "मलाबी पोटात मुरडा येतो, साहेब. ह्यो धूर बरा न्हाय," तो म्हणाला.

खरी धास्ती तिथून सुरू झाली. भट्टी बंद करण्याचा हुकूम प्रदूषण नियंत्रण मंडळानं द्यायचा. बिनतारी संदेश पाठवला. पण त्यांचा अधिकारी येणार, धुराचे नमुने घेणार, मग हुकूम निघणार. माझ्या हातातलं कलम जामीनपात्र. मालक जामिनावर सुटून पुन्हा भट्टी पेटवणार, आणि वारा वस्तीकडे. तात्यांची लेक हाकेच्या अंतरावर, छपराखाली.

मी काहिलच मुद्देमाल म्हणून जप्त केली. केवढी काहिल! आमच्या ठाण्याची परेड तीत झाली असती. बारा गडी आणि एक ट्रॅक्टर लागला. मालक धावत आला. "साहेब, कढई कुणी जप्त करतं व्हय?"

"खुनातली सुरी करतात तशीच," मी म्हणालो.

तात्यांच्या लेकीला जीपमधून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. ती नाकाला पदर लावून म्हणाली, "आन् ह्या जीपचा धूर कोण तपासतं, सायेब?" गाड्यांच्या धुराचं प्रमाणपत्र तेव्हा नवीनच होतं. सरकारी जीपला ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

पुढे मंडळाचा हुकूम आला, भट्टीला सील लागलं, खटला उभा राहिला. तिला मुलगी झाली, पण अगदी किरकोळ. शिसं बाळापर्यंत किती पोचलं, ते मूल मोठं झाल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

बारशाला तात्यांनी आग्रहानं बोलावलं. लेक पाळण्याजवळ बसली होती. आवाज न चढवता तिनं विचारलं, "तात्या तुमच्याकडं आलं, मग तुमी चार दिसांनी आला. त्या चार दिसांत हिनं किती धूर पेला आसंल, सायेब?"

त्यानंतर ठाण्यात आलेल्या माणसाचं बोलणं मी त्याच्याच शब्दांत, पूर्ण लिहून घेतलं आणि त्याच दिवशी जागेवर गेलो. एवढं मला त्या प्रकरणानं शिकवलं. पण त्या वेळी मी पाळण्यावर वाकलो. बाळ झोपलं होतं, आणि मी त्याचा श्वास मोजत होतो.