दुहेरी गाठ

म्हशीचं पोट तिला उभं ठेवूनच फाडतात, हे पुस्तकात वाचलं होतं. पण फाडलेलं पोट घेऊन ती निवांत रवंथ करत राहील, हे कुणी मेल्यानं लिहिलं नव्हतं.

कोल्हापुरातल्या जनावरांच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून मी पहिलंच ऑपरेशन बघत होते. भूल फक्त डाव्या कुशीला दिलेली. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत होता आणि म्हैस माझ्याकडं टक लावून बघत होती.

"भ्याताय व्हय?" दावं धरलेला तिचा मालक म्हणाला. "काय करत न्हाय ती."

डॉक्टर प्लॅस्टिकचे लगदे काढून घमेल्यात टाकत होते. मधेच एक पिशवी अख्खी निघाली, तोंड बांधलेली.

"सोडून बघ," ते म्हणाले.

दुहेरी गाठ होती, टोकं आत खोचलेली. आत दोन चपात्या निघाल्या. काळ्या पडलेल्या, पण घडी मोडली नव्हती. अशी गाठ मी रोज बघते.

मान वर केली, तर म्हैस रवंथ करायची थांबली होती.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि आई म्हणाली, "आलीस? कालच्या चपात्या बांधून ठेवल्यात. खाली म्हशी आल्यात बघ, घालून ये जा. पुण्य लागतं."

ओट्यावर पिशवी होती. दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली.

खिडकीतून बघितलं. चार म्हशी आमच्याच दाराकडं तोंड करून उभ्या होत्या. एकीचंही तोंड हलत नव्हतं.