भाऊंना हवा होता एक प्रश्न

पिंप्राळ्याच्या पुलाच्या उतारावरून स्कूटर बंद करून घरंगळत दारापाशी आले, तेवढ्यात एरंडोलहून फोन आला. भाऊ गेले... उतारावर गाडी बंद करायची खोड मला त्यांनीच लावली. "गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं, वापरा," म्हणायचे. मी गाडीवरच बसून राहिले, आणि रडता रडता हसूच आलं.

भाऊ म्हणजे एरंडोलच्या आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर आणि शेजारीही. दाब शिकवायचा तर खिळ्याच्या माथ्यावर अंगठा टेकवायला लावायचे, मग टोकावर. "असं का, भाऊ?" असं कुणी विचारलं की स्वारी खूश! गल्लीतल्या सगळ्या पोरांना त्यांनी 'का' विचारायला शिकवलं. घरात मात्र दिव्याखाली अंधार. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, कधी म्हणून काही विचारायच्या नाहीत. "एकदाव तरी 'का' म्हन ना," भाऊ गयावया करायचे. काकू भाकरी थापत म्हणायच्या, "तुमनं शास्त्र शाळामां ठेवा. मनी भाकर करपस."

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी आमचा नववीचा वर्ग अंगणात बोलावला. काकू हातांवर पुरणाचा मांडा खेळवत होत्या आणि तो झुलत झुलत मोठा होत होता. "बघा, गुरुत्वाकर्षण! पृथ्वी खाली ओढते, म्हणून पसरतो," म्हणत भाऊंनी स्वतः एक मांडा हातावर घेतला. चुलीवरच्या खापरावर पोचायच्या आतच तो फाटला, पुरण सगळं पायजम्यावर. "पृथ्वीनं जरा जास्तच ओढलं," भाऊ म्हणाले. काकू म्हणाल्या, "धरतीले बोल लावू नका. हात तुमना वाकडा शे." आम्ही हसून लोळलो. भाऊही हसले, पण नजर काकूंकडे होती. आता तरी विचारील... नाही विचारलं. शेवटच्या भेटीतही काकूंकडे बोट करून मला म्हणाले, "बठ्ठं गाव इचारस, हाईच इचारत नही."

परवा काकूंना भेटायला गेले. त्या ओसरीत भाऊंच्या बंगईपाशी उभ्या होत्या, रिकामा झोपाळा हलवत. मला पाहून म्हणाल्या, "पोरी, तुमना भाऊ बसेत तवय बी झोकाले इतलाच टाइम लागे, आन् आते रिकामी शे तरी तितलाच. आसं का वं?"

मला हुंदका फुटला आणि आनंदानं हसूही. झोक्याचा वेळ साखळीच्या लांबीवर ठरतो, बसणाऱ्याच्या वजनावर नाही, हे उत्तर ओठांवर आलं होतं. ते गिळलं. भाऊंनी इतक्या लवकर दिलं नसतं.

"काकू, परत एकदा ढकला," मी म्हटलं. "बघू या."