आमच्या घरातला मेहनती

मला माझ्या भावाची कीव येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून तशी अपेक्षा करायला नको. तो आजारी आहे, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं आणि मला ते पटलंही. पण पटणं वेगळं आणि कीव येणं वेगळं.

मी अंधेरीत एका लॅबच्या काउंटरवर बसते. रक्त, लघवी, थुंकी, लोक जे देतील ते घेते आणि वर लेबल लावते. उपाशीपोटी या म्हणून सांगितलं की माणसं चहा आणि दोन खारी खाऊन येतात आणि तोंड पुसत म्हणतात, "काहीच खाल्लं नाही मॅडम." एकोणीस वर्षं हे ऐकतेय. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मला लांबूनही ओळखू येतं. एवढ्यासाठी सांगतेय, की स्वतःच्या घरात मात्र मला ते ओळखायला वेळ लागला. खरं तर ओळखायला नाही. बोलायला लागला.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. एसी आणि फ्रीज दुरुस्त करतो. जोगेश्वरी पूर्वेला पुनर्वसनाच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, तो, त्याची बायको, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि आमची आई राहतात. मी एकटी, स्टेशनच्या पलीकडे. लहानपणापासून हा भाऊ म्हणजे आळसाचा अर्क. दहाला उठणार, अकराला नाश्ता आणि बाराला कंटाळा. वडिलांनी गिरणी बंद झाल्यावर वॉचमनकी करून घर चालवलं, आणि हा त्यांच्या डोळ्यांसमोर लोळत पडलेला असायचा. आई देवाला एकच मागायची, माझ्या झिलाला कामाची गोडी लागू दे.

दोन वर्षांपूर्वी ती लागली. हा पहाटे उठलेला असायचा. दिवसाला पाच-सहा घरी सर्व्हिसिंग. घरी आला की पंखे उतरवून पुसायचा, कुकरच्या शिट्ट्या उकळून साफ करायचा, बाथरूमच्या फरशांच्या फटी टूथब्रशने घासायचा. आई फोनवर मला सांगायची, "तुझो भाव बदललो गो. हाताक इसावो नाय त्याच्या." आनंदाने तिचा आवाज चढलेला असायचा. तिने मजल्यावरच्या सगळ्यांना सांगितलं, आणि मजल्याने मजल्याला. मग लोक बंद पडलेले मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन आणून द्यायला लागले. फुकट दुरुस्ती म्हटल्यावर आमच्या लोकांना दुसरं काही दिसत नाही. तीन-तीन वर्षं माळ्यावर धूळ खात पडलेले मिक्सर सातव्या मजल्यावर आले.

मीही माझा मिक्सर दिला. मी काही वेगळी नाही.

ह्या मेहनतीचं नाव एमडी. पेपरात नशेच्या ह्या पावडरींची लांबलचक नावं येतात, मेफेड्रोन आणि त्याची सगळी चुलत भावंडं. आमच्याकडे एमडी म्हटलं की पुरतं. कामावरच्या एका दोस्ताने दिली, "उन्हाळ्याचा सीझन आहे, झोपून कसं चालेल" म्हणाला, आणि आमच्या ह्या शहाण्याने घेतली. आयुष्यभर ज्याला उठवायला बादलीभर पाणी लागायचं, त्याने न झोपण्यासाठी पैसे मोजले. ह्यापेक्षा मोठा मूर्खपणा मला तरी सुचत नाही.

आणि घरातल्यांचं काय सांगू. तो वाळत चालला, तर आई म्हणाली, उन्हात फिरतो. जेवणाच्या ताटावरून उठायला लागला, तर म्हणाली, कामात असला की त्याला भूक कळत नाही. तो दिवसभर दात करकरा चावायचा, जबडा नुसता हलत असायचा. त्यावर आईने निदान केलं, की पोटात जंत झालेत. तेहतीस वर्षांच्या बाप्याला तिने जंताचं औषध दिलं, वर गूळ भरवला. त्यानेही आ करून घेतलं. भावजयीला विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, दारू तर पीत नाही ना. वास बघा हवा तर." ती मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी राहते, रात्री अकराला घरी येऊन आडवी होते. तिच्या माहेरी बापाने दारूपायी घर विकलं, त्यामुळे तोंडाला वास नाही म्हणजे माणूस सज्जन, एवढंच तिला ठाऊक. एका वासावर तिने नवरा पास करून टाकला.

तीन आठवड्यांनी मी मिक्सर आणायला गेले. गॅलरीत भांडी-बादल्यांच्या जागी डबे रचलेले होते. श्रीखंडाचे, फरसाणाचे, रंगाचे. प्रत्येकात एकेक मिक्सर सुटा करून ठेवलेला. स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे, वायरी रंगाप्रमाणे वेगळ्या, मोटरचं तांबंसुद्धा उलगडून गुंडाळलेलं. एकही वस्तू जोडलेली नव्हती. अख्ख्या इमारतीचे मिक्सर त्याने फक्त उघडले होते. मी विचारलं, "माझा कुठला?" तर तो मला पाऊण तास समजावत राहिला, की कंपन्या आत मुद्दाम काय काय बसवतात आणि कोण कोण ऐकत असतं. डोळे टक्क उघडे, ओठ फुटलेले. माझ्या काउंटरवर असे तरुण येतात, नोकरीच्या तपासणीसाठी, बाटलीत नळाचं पाणी भरून देतात. मला त्या दिवशी, त्या गॅलरीत, सगळं कळलं.

आणि मी गप्प बसले. जवळजवळ तीन महिने. आई इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव हसून घेत होती, हे एक कारण. दुसरं कारण असं, की तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं मलाच करावं लागलं असतं. दुसरं जास्त खरं आहे.

मग एके दिवशी भाचीच्या शाळेतून फोन आला. आईवडील उचलत नाहीत म्हणून बाई मला लावत होत्या. मुलगी रोज बाकावर झोपते, आज डबा खाता खाता झोपली, घेऊन जा. मी हाफ डे टाकून गेले. रस्त्याने चालताना तिला विचारलं, रात्री टीव्ही बघतेस का. ती म्हणाली, "नाही आत्या, माझी ड्युटी असते."

ड्युटी अशी, की दाराला बाहेर बघायचं जे भिंग असतं, त्याच्यासमोर स्टूल ठेवून तिने रात्री त्यावर उभं राहायचं. पप्पांना न्यायला माणसं येणार आहेत. पॅसेजमध्ये कोणी दिसलं, की दारावर दोन टिचक्या मारायच्या. आजीला ऐकू कमी येतं आणि मम्मी थकलेली असते, म्हणून ड्युटी तिच्याकडे. हे सगळं तिने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. वर म्हणाली, "मी एकदाही झोपले नाही ड्युटीवर. शाळेत झोपते."

त्याच पावली मी आईकडे गेले आणि स्पष्ट सांगितलं. हा पावडर ओढतो. ह्याला व्यसनमुक्तीवाल्यांकडे न्यायचं, आणि तोपर्यंत पोर माझ्याकडे राहील. आईने पदराला हात पुसले. म्हणाली, माणसं दिसतात त्याला, म्हणजे कोणीतरी काहीतरी केलंय. एवढं चांगलं चाललेलं कोणाला तरी बघवलं नाही. तिने मुलुंडच्या मोठ्या काकांना फोन लावला. रविवारी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. मी म्हटलं, पोरीचं काय. "आधी गाऱ्हाणा होऊ दे. मग बघू." म्हणजे आणखी चार रात्री पोर त्या स्टुलावर.

आमच्या कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. घरातला जाणता माणूस नारळ-विडा ठेवून देवाशी मोठ्याने बोलतो, अडचण मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकी सगळे हात जोडून म्हणतात, "व्हय म्हाराजा." इतक्या पिढ्या म्हणत आलोय की तोंड आपोआप चालतं. त्यात नाही म्हणायची सोयच नाही.

रविवारी सकाळी अकराला सगळे जमलो. काकांनी धोतर नेसलं होतं, धाप लागत होती. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, जबडा हलवत, पहिल्या रांगेत. भावजयीने सुट्टी टाकलेली. भाची दाराजवळ, स्टुलाला टेकून. काकांनी सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुका हाक मारतत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या झिलाच्या पाठी जी काय इडापिडा आसात, कोणाची वाकडी नजर आसात, ती दूर कर. तेका सुखाची झोप दी."

"व्हय म्हाराजा," सगळ्यात मोठा आवाज भावाचा. खिशात पुडी असणार, आणि हा हात जोडून झोप मागत होता. त्या क्षणी मला तो इतका हलका वाटला की त्याच्यावर रागावणंही जास्त झालं असतं. आणि त्याच्या मागे उभी राहून मी काय करत होते? मीही म्हणत होते. व्हय म्हाराजा.

"जर कोणी काय केला आसात, तर ता तेचा तेका परत जाव दी," काका म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ते छातीला हात लावून थांबले. ती रिकामी जागा बघून माझं तोंड उघडलं. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मी मुंबईत जन्मले, मालवणी मोडकंच बोलते, पण त्या दिवशी अडखळले नाही.

"आणि बा म्हाराजा, ह्यो माझो भाव एमडी ओढता. आपल्या चेडवाक दारात राखणेक उभी करता. आमी सगळी बघतंव नि गप ऱ्हवतंव."

सवय मोठी वाईट. आईच्या तोंडून "व्हय" निघालंच, आणि मग अर्थ पोचला तसं ते तिथेच अडकलं. भावजयीचं ओठांवर राहिलं. फक्त दाराकडून एक आवाज शेवटपर्यंत आला, स्पष्ट, शाळेत प्रार्थना म्हणतात तसा. "व्हय म्हाराजा."

भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, तुला पण त्यांनीच पाठवलं ना?" असं म्हणाला, आणि गॅलरीत जाऊन एक डबा उघडून बसला. आई मला काहीबाही बोलायला लागली. काकांनी तिला हाताने थांबवलं आणि पोरीला जवळ घेऊन विचारलं, "कधीपासून गो चेडवा?"

"दिवाळीपासून."

तेव्हा होळी तोंडावर आली होती. काकांनी नारळ फोडला नाही. पिशवीत परत ठेवला. "आता म्हाराजाक सांगूचा काय उरूक नाय," म्हणाले. "डाक्टराकडे चला."

भावाला त्या आठवड्यात केंद्रात ठेवलं. बाहेर आला, दोन महिने बरा होता, पुन्हा ओढली, आता पुन्हा आत आहे. दर पंधरा दिवसांनी मी भेटायला जाते, शेंगदाण्याचे लाडू नेते, आणि तो रडतो ते बघते. दरवेळी वाटतं, आज तरी ह्याच्याबद्दल काहीतरी बरं वाटेल. वाटत नाही. आईशी मी बोलते, पण जंताच्या औषधावरून अजून तिला टोचते. तेवढं मी सोडणार नाही.

पोरीला मी त्या रविवारीच घरी आणलं. भात-वरण जेवली. मी गादी घातली, पडदा ओढला आणि म्हटलं, झोप आता. ती उठली, स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि दाराकडे नेऊन ठेवलं. मी म्हटलं, "इथे ड्युटी नसते. इथे कोणी येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मोठ्यांचं खोटं तिलाही लांबून ओळखू येत असणार. "कोणीतरी बघायला लागतं, आत्या. नाहीतर झोप येत नाही."

"मग मी बघते."

"झोपायचं नाही हां ड्युटीवर."

"नाही झोपणार."

"व्हय म्हाराजा म्हण."

म्हटलं. ती गादीवर जाऊन पडली, तोंड दाराकडे करून, मी खरंच उभी आहे का ते बघत. दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर पॅसेजमध्ये शेजाऱ्यांच्या चपला आणि कचऱ्याची बादली एवढंच होतं. मी भिंगाला डोळा लावून उभी राहिले. ती झोपल्यावरही हलले नाही. संध्याकाळी सात वाजता ती उठली, आणि उठल्या उठल्या तिने आधी विचारलं, कोणी आलं होतं का.