एक गोळी भागूबाबांची

तेजस्विनी सिस्टर मंचरजवळच्या शेतकरी घरातल्या. सरकारी दवाखान्यात वीस वर्षं झाली, पण त्यांना हसताना पाहिलेला पेशंट अजून दाखल व्हायचाय, असं वॉर्डातले म्हणतात. सिस्टरांचं म्हणणं, हसून जखमा भरत असत्या तर सरकारनं मलमाऐवजी विनोदी माणसं भरली असती. कंबर चार वर्षांपासून धरलेली. डॉक्टर रोज विचारत, "सिस्टर, कंबर कशी आहे?" त्या सांगत, "बरी आहे." डॉक्टर तोवर पुढच्या खाटेपाशी पोचलेले असत.

डोंगरातल्या आहुपे गावच्या अंबाबाईही सगळ्यांना हेच सांगत. नाचणी कापताना विळा पायाच्या अंगठ्याला लागला, आठ दिवस हळद लावून त्या तशाच वावरल्या आणि अंगठा काळानिळा पडल्यावर दवाखान्यात आल्या. पाय कसा आहे विचारलं तर "बरं हाय", ताप चढला तरी "बरं हाय". परक्यापुढं दुखणं सांगणं त्यांना पाहुण्याच्या घरी जेवण मागण्याइतकं अवघड वाटे. डॉक्टरांनी सोमवारची मुदत घातली होती. तोवर जखम सुधारली नाही तर पुण्याला पाठवायचं, आणि तिथं बहुतेक अंगठा काढावा लागणार होता.

गुरुवार उजाडला. औषधं वेळेवर चालू होती, तरी जखम भरेना. सुधारलं ते भलतंच. अंबाबाईंचे मालक भागूबाबा खाटेशेजारी घोंगडी टाकून बसत. आले तेव्हा त्यांच्या खोकल्यानं अख्खा वॉर्ड हैराण होता. तो खोकला आता जवळजवळ थांबला होता, आणि त्यांना तर कुणी काहीच दिलं नव्हतं.

सिस्टरांनी स्टूल ओढलं. पण स्टुलावर बसलेलं माणूसही साहेबच दिसतं, म्हणून खाटेला धरून त्या घोंगडीवर टेकल्या.

"आजी, घरी आधी कोण जेवतं?"

"आमी दोगं संगच. येकाच ताटात."

"आणि इथं?"

अंबाबाईंनी पदराची गाठ चाचपली. गाठीत सकाळची गोळी होती.

"तुमी दोन देता नव्हं. येक यांस्नी. हे खोकत्यात, मग मी येकलीच कशी खाऊ?"

सिस्टरांना राग आला, पण तो काढायचा कुणावर ते कळेना. गोळ्या त्या स्वतःच आजींच्या हातावर ठेवत होत्या, आणि ठेवून पुढच्या खाटेकडं वळत होत्या.

त्यांनी भागूबाबांचा केसपेपर काढला आणि डॉक्टरांना दाखवून त्यांची औषधं वेगळी आणली. "हे तुमचं, हे आजींचं. वाटून खाल्लं की दोघांचंही दुखणं अर्धं उरतं." मग रोज दोन्ही वेळा त्या घोंगडीवर बसत आणि दोघांना बरोबरच गोळ्या गिळायला लावत. संग जेवल्यासारखं झाल्यावर अंबाबाईंची हरकत उरली नाही.

सोमवारी पट्टी सोडली तेव्हा आत ताजं लाल मांस दिसलं. अंगठा वाचला.

घरी निघताना भागूबाबांनी सिस्टरांच्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत घरी न्यायला दिलेल्या त्यांच्याच औषधातल्या दोन गोळ्या होत्या.

"खाली बसताना तुमी खाट धरता, सिस्टर. आमी रोज बगतो. कंबर लई दुखती का?"

म्हणजे इतक्या दिवसांचं समजावणं पाण्यात गेलं होतं. सिस्टरांनी रागवायला तोंड उघडलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. उत्तर ऐकायला थांबलेलं माणूस त्यांना चार वर्षांत पहिल्यांदा भेटलं होतं.

"लई दुखते, बाबा," त्या म्हणाल्या आणि रिकाम्या खाटेवर बसल्या.